खिडकी क्रमांक ४ : जे कर्ज मी घेतलंच नाही

ज्यांनी हे सदर पहिल्यांदाच उघडलं त्यांच्यासाठी सांगते. मी पुण्यातल्या एका बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा कर्ज खात्यात. खिडकी क्रमांक ४ माझी. आता खिडकी नाही, पण लोकांचे कागद वाचायची खोड सुटलेली नाही. या वेळच्या चळतीतली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची निघाली, त्यातली चार घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्या बाईंचं दुखणं जास्त आहे.

प्रश्न : मी धायरीला राहते. घरगुती डबे देते, रोजचे चाळीस-पंचेचाळीस होतात. गाळा भाड्याने घेऊन पोळ्यांचं यंत्र बसवावं म्हणून बँकेत दोन लाखांचं कर्ज मागितलं. साहेबांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, "ताई, सिबिल खराब आहे." माझ्या नावावर अडतीस हजारांचं ॲपवरचं कर्ज निघालं, तेही थकलेलं. मी आयुष्यात ॲपवरून कर्ज घेतलेलं नाही. माझ्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आणि गॅसचं बुकिंग, एवढंच. वसुलीवाले रात्री नऊनंतर फोन करतात, शेजारच्या वहिनींनाही केला. साहेब म्हणतात, वाद घालण्यात वर्ष जाईल, तडजोड करून पंधरा-वीस हजार भरा, एनओसी घ्या आणि मोकळ्या व्हा. मिस्टरही तेच म्हणतात. भरू का?

नका भरू. मिस्टरांनाही सांगा, एक रुपयासुद्धा नाही.

साहेब वाईट नाहीत, त्यांना तुमची फाइल पुढे सरकवायची आहे. खुर्चीत असताना मीही एक-दोघांना हाच सल्ला दिलाय, आज आठवलं की लाज वाटते. पैसे भरलेत की तुमचा संबंध नसलेलं कर्ज तुमचं होतं. उद्या "माझं नव्हतंच" म्हणायला गेलात, तर समोरचा पावती पुढे करेल : नव्हतं, तर भरलं कशाला? शिवाय तडजोडीने भरलेलं खातं सिबिल रिपोर्टात, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदवहीत, 'क्लोज्ड' म्हणून येत नाही, 'सेटल्ड' म्हणून येतं. कर्ज खात्यातला माणूस तो शब्द वाचून एवढंच समजतो की या बाईंनी पूर्ण पैसे दिले नाहीत. म्हणजे वीस हजार गेले ते गेले, वर डाग आहे तिथेच.

मंगळवारी डबे पोचवून तुम्ही माझ्याकडे आलात, चौदा पानांचा रिपोर्ट कापडी पिशवीत घालून. पहिल्या पानावरचा स्कोअर बघून तुमचे डोळे भरले आणि मी ते पान पालथं ठेवलं, आठवतं? ३०० ते ९०० मधला तो आकडा कोणाला खोडता येत नाही. त्याच्या पोटातली नोंद खोडता येते. नोंद गेली की आकडा आपोआप चढतो.

आपल्या कामाचं पान दुसरं. लोक ते वाचतच नाहीत, कारण त्यात आपलंच नावगाव असतं. तुमचं नाव बरोबर, पॅन बरोबर, जन्मतारीख बरोबर. पत्ते तीन : धायरीचा, माहेरचा सासवडचा, आणि तिसरा परराज्यातल्या अशा गावाचा की जिथे तुम्ही कधी पाऊल टाकलेलं नाही. खाली फोन नंबर दोन, त्यातला एकच तुमचा. दुसरा नंबर ज्या महिन्यात नोंदला गेला, त्याच महिन्यात, ऑगस्ट २०२३मध्ये, ते कर्ज उघडलंय. ओटीपी त्या दुसऱ्या फोनवर गेले. तुमची सगळी बाजू त्या दहा आकड्यांवर उभी आहे, म्हणून ती ओळ लाल पेनने अधोरेखित करून दिली.

आता कर्ज देणाऱ्या कंपनीला पत्र. "मी कर्ज घेतलेलं नाही" एवढंच लिहिलंत तर "आमच्या नोंदीप्रमाणे घेतलं आहे" असं छापील उत्तर येईल. तुम्ही मागायचं ते हे : कर्जाचा अर्ज आणि करार, केवायसीला वापरलेले कागद आणि त्या वेळी काढलेला फोटो, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला तो नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचं, अडतीस हजार कुठल्या बँकेतल्या कुठल्या खात्यात जमा केले. हा शेवटचा प्रश्न त्यांना झोंबतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्ये डिजिटल कर्जांचे नियम काढले. मोजके अपवाद सोडले तर कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यात गेली पाहिजे, मधल्या कोणाच्या खात्यातून फिरून नाही, असं त्यांत आहे. खातं दुसऱ्याच्या नावावर निघालं तर चूक उघड कंपनीची. तुमच्याच नावावर निघालं, तर कोणीतरी तुमच्या कागदांवर खातंही उघडलंय, आणि मग त्या बँकेलाही असंच पत्र जाईल.

असं परकं खातं आहे का, ते बघायची एक वाट सांगते. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर पॅनने लॉगिन केलं की 'एआयएस' नावाचं वार्षिक माहितीपत्रक दिसतं. बँकांनी कळवलेलं बचत खात्याचं व्याज त्यात बँकेच्या नावासह येतं. अनोळखी बँकेचं सात रुपये व्याज दिसलं तरी समजायचं. भाच्याला घेऊन बसा, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी तक्रार रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे. इथे एक घोळ सोडवते. आपण प्रत्येक फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसं प्रत्येक रिपोर्टला सिबिल म्हणतो. प्रत्यक्षात अशा कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. बँका आणि कर्ज कंपन्यांना या चारही जणींचं सदस्य व्हावं लागतं. त्यामुळे खोटी नोंद चौघींकडे असू शकते, आणि जिच्याकडे असेल तिथे स्वतंत्र तक्रार लागते. प्रत्येकीकडून कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, पैसे भरून काढू नका. तक्रारीत रिपोर्टावरचा कंट्रोल नंबर टाका, म्हणजे कुठल्या रिपोर्टाबद्दल बोलताय ते त्यांना शोधावं लागत नाही.

या सगळ्यामागे २००५चा क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज कायदा आहे. त्याच्या कलम २१ने आपली नोंद बघण्याचा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करून मागण्याचा हक्क दिला आहे, मुदत तीस दिवस. अनेक वर्षं ही मुदत कागदावरच होती. ऑक्टोबर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला दात बसवले आणि एप्रिल २०२४पासून ते लागू झाले : तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. या तीसपैकी पहिले एकवीस दिवस कर्ज कंपनीचे, उरलेले रिपोर्टवालीचे. ज्याच्याकडे अडलं, त्याने पैसे द्यायचे. समजा तुमची तक्रार ३ जूनला नोंदली आणि निकाल १२ ऑगस्टला लागला. तीस दिवस ३ जुलैला संपले, पुढचे चाळीस दिवस, म्हणजे चार हजार. पोळ्यांचं यंत्र यात येणार नाही, पण दिवस मोजले जाताहेत हे कळलं की फाइल हलते. फक्त "माझा स्कोअर कमी का दिला" या भांडणाला ही भरपाई नाही. भांडण नोंदीचं हवं.

आणि हे सगळं लेखी. फोनवर अजिबात नाही. मी स्वतः बँकेतली, तरी यात फसले. निवृत्तीच्या वर्षी एक क्रेडिट कार्ड बंद केलं होतं, कोणाचं ते सांगत नाही. वार्षिक फी पाचशे आणि त्यावरचा जीएसटी मिळून ५९० रुपये माझ्या नावावर थकीत दिसायला लागले. चार महिने कस्टमर केअरला फोन केले. प्रत्येक वेळी गोड आवाजात "मॅडम, नोंद घेतली आहे." शेवटी एका पानाचं पत्र लिहिलं, त्यांच्या शाखेत जाऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, तारखेचा शिक्का मारून. तीन आठवड्यांत खातं साफ. चार महिन्यांच्या फोनबद्दल विचारलं, तर त्यांच्याकडे एकाही कॉलची नोंद नव्हती. ईमेल केलीत तर तक्रार क्रमांक आलेला मेल छापून ठेवा. शिक्का नसेल तर तीस दिवस मोजायचे कुठून?

पोलिसांकडे जाच. पैसे आत्ता, काही तासांपूर्वी गेले असते तर आधी १९३० हा नंबर फिरवायला सांगितलं असतं. तुमचं प्रकरण जुनं आहे, म्हणून राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा. दुसऱ्याची ओळख वापरणं आणि कॉम्प्युटरच्या आडून तोतयेगिरी करणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६सी आणि ६६डी, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. सोबत फसवणुकीची आणि बनावट दस्तऐवजाची कलमं. गुन्हा ऑगस्ट २०२३चा, म्हणजे त्यांच्यासाठी जुनी भारतीय दंड संहिता लागेल. तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४पासूनच्या गुन्ह्यांना आहे. ठाण्यात कोणी "हे आमच्या हद्दीत नाही" म्हणालं, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३चं नाव घ्या : हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती प्रत कर्ज कंपनीच्या पत्राला जोडली की उत्तराचा सूर बदलतो, हे मी खिडकीच्या आतून पाहिलेलं आहे.

वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शेजारच्या वहिनींना तुमच्या कर्जाबद्दल सांगणं तर कुठल्याच वेळी चालत नाही. रात्री नऊनंतरच्या कॉलचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असे.

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा आलं ते टोलवाटोलवीचं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही, मदतीला १४४४८ हा फोन आहे. सप्टेंबर २०२२पासून या रिपोर्ट कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. क्रम मात्र चुकवू नका : आधी ग्राहक आयोगात गेलात तर त्याच कारणासाठी लोकपाल तुमची तक्रार घेणार नाही. पोलीस तक्रारीने तसं काही अडत नाही, ती खुशाल चालू राहू द्या.

निघताना तुम्ही चपला घालता घालता म्हणालात की मागे सिंहगड रस्त्यावर हप्त्याने फ्रिज घ्यायला गेला होता, आधार-पॅनच्या झेरॉक्स दिल्या, मग हप्ता नको म्हणून रोखीने घेतला, पण झेरॉक्स तिथेच राहिल्या. कागद तिथूनच फुटले असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, त्यामुळे तक्रारीत त्या दुकानावर आरोप करू नका. "या तारखेच्या सुमारास कागद अमुक कामासाठी दिले होते" एवढंच लिहा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने माझ्या आधार-पॅनवर दुचाकी उचलली. कर्ज माझ्या नावावर, गाडी तो फिरवतो, आणि पाच हप्ते थकलेत. मला आता घरासाठी कर्ज काढायचंय. पोलिसात गेलो तर आई अंथरूण धरेल. "चुकीची नोंद" म्हणून रिपोर्टवाल्यांना कळवलं तर घरातल्या घरात मिटेल का? (येरवडा)

नाही मिटणार, दादा. तुम्ही चूक म्हणून कळवाल, ते कर्ज कंपनीला विचारतील, कंपनी करार पुढे करेल. मग प्रश्न एकच उरतो : सही आणि ओटीपी कोणाचा? पत्रात हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि न लिहिण्यावरून मला थोडा अंदाज आला. शोरूममध्ये भावाबरोबर उभे होतात, फोनवर आलेला ओटीपी त्याला वाचून दाखवलात, तर कायद्याच्या नजरेत कर्ज तुमचंच. भावाने तुमचा गैरफायदा घेतला हे खरं, पण ओळख चोरली असं म्हणता येणार नाही.

खरंच तुमच्या नकळत झालं असेल, तर भाऊ म्हणून कलमात सूट नाही. वरच्या ताईंना सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू, आणि त्यात भावाचं नाव येणारच. नाव न घेता चोरी सांगायची सोय नाही.

म्हणून तुमच्याबाबतीत माझा सल्ला वरच्या उत्तराच्या बरोबर उलटा आहे. ओटीपी तुम्ही दिला असेल तर भरा. तडजोडीने नाही, पूर्ण. भावाला समोर बसवा, गाडी विकायला लावा, कमी पडतील ते तुम्ही घाला, आणि खातं 'क्लोज्ड' झाल्याचं ना-हरकत पत्र हातात घ्या. आरसी बुकावरचा कर्जाचा बोजाही उतरवून घ्या, तो राहून जातो. पाच हप्त्यांचा उशीर रिपोर्टात काही वर्षं दिसत राहील, त्याला इलाज नाही. पण पूर्ण फेडलेलं जुनं कर्ज आणि उघडी थकबाकी यांत गृहकर्जाचा अधिकारी फरक करतो. आईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या मते सांगून टाकावं. आयांना बहुतेक वेळा आधीच माहीत असतं.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, बाबा, तुमचं क्रेडिट फ्रीझ करून टाका, म्हणजे तुमच्या नावावर कोणी कर्जच काढू शकणार नाही. नारायण पेठेतल्या आमच्या बँकेत विचारलं, तर काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे मी आइस्क्रीम मागितल्यासारखं बघितलं. वय ७४.

मुलीचा दोष नाही आणि मुलाचाही नाही. अमेरिकेत १९७०पासून क्रेडिट रिपोर्टचा कायदा आहे. तिथे आपला रिपोर्ट गोठवता येतो, आणि सप्टेंबर २०१८पासून ते फुकट आहे. गोठवला की नवा सावकार तो बघू शकत नाही, आणि बघता येत नाही म्हणून कर्ज देत नाही. ओळख चोरीला गेल्याची तक्रार केली असेल तर सात वर्षांचा इशाराही रिपोर्टावर लावून घेता येतो. आपल्या २००५च्या कायद्यात असं गोठवण्याचं कलमच नाही. माझ्या मते ही त्या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव आहे, आणि ज्येष्ठांसाठी तरी ती भरून काढायला हवी.

तोवर तुम्ही काय कराल? चार कंपन्या, प्रत्येकीचा वर्षाला एक फुकट रिपोर्ट. चारही एकदम काढू नका. जानेवारीत एकीचा, एप्रिलमध्ये दुसरीचा, जुलैत तिसरीचा, ऑक्टोबरमध्ये चौथीचा. दर तीन महिन्यांनी एक नजर फुकटात. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर घटत नाही, ही भीती मनातून काढा. रिपोर्टाच्या शेवटी 'इन्क्वायरी' असते. कुठल्या बँकेने, कधी, कशासाठी तुमचा रिपोर्ट मागवला ते तिथे दिसतं. तुम्ही अर्ज केलेला नसताना तिथे नाव आलं, म्हणजे दारावर कोणीतरी टकटक करून गेलंय. कोणी रिपोर्ट बघितला की तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, असाही नियम आहे. मात्र त्यासाठी त्यांच्याकडे तुमचा आत्ताचा नंबर असला पाहिजे, २००९ सालचा बंद पडलेला नाही.

सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते कळतं. अनोळखी नंबर दिसला तर "हा माझा नाही" म्हणून तिथेच कळवता येतं. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. त्याने अंगठ्याच्या ठशाचा गैरवापर थांबतो, ओटीपीचा नाही, तेव्हा ओटीपी कोणाला वाचून दाखवणं बंद. झेरॉक्स द्यायची वेळ आलीच तर मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स काढल्या काढल्या, दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच, प्रत्येक प्रतीवर तिरकं लिहा : "फक्त अमुक कामासाठी", तारीख, सही. शाई फोटोवर आणि नंबरवरून गेली पाहिजे, कडेला कोपऱ्यात नाही. कोपरा कापता येतो.

प्रश्न : कॅम्पातली एक एजन्सी बारा हजारांत "१५ दिवसांत सिबिल ७५०च्या वर" असं लेखी देते. विश्वास ठेवावा का?

नाही. खरी नोंद कोणाला पुसता येत नाही, आणि खोटी नोंद पुसायची तक्रार तुम्ही स्वतः फुकट करू शकता. हे लोक तीच तक्रार तुमच्या नावाने टाकतात, बऱ्याचदा तुमचाच लॉगिन आणि ओटीपी घेऊन. बारा हजार खिशातच राहू द्या. त्यांनी व्हॉट्सॲपवर मागितलेले आधार-पॅनचे फोटो पाठवून झाले असतील, तर आधी पासवर्ड बदला, बायोमेट्रिक लॉक करा, आणि पुढच्या महिन्यात एक रिपोर्ट काढून त्याचं दुसरं पान बघा.